बँकेकडे स्वतःचा पैसा किती असावा? सीआरएआर, स्वनिधी आणि तुमची सहकारी बँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल घरी यायला लागले की हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळे एकत्र केलेत. भर नागरी सहकारी बँकांवर आहे, कारण देशातल्या जवळपास दीड हजार नागरी बँकांपैकी सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहेत आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आयुष्यभराच्या ठेवी तिथेच आहेत. कमर्शियल बँकांचं जिथे लागतं तिथे दिलंय.

१. बँकेचं भांडवल म्हणजे नक्की काय? आम्ही ठेवलेला पैसाच ना?

नाही, आणि सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. तुमची ठेव ही बँकेवरची देणी आहे, ती मागाल तेव्हा किंवा मुदतीला परत द्यायचीच आहे. भांडवल म्हणजे जे कुणाला परत द्यायचं बंधन नाही असा बँकेचा स्वतःचा पैसा : सभासदांचं भागभांडवल, वर्षानुवर्षांच्या नफ्यातून साठलेला राखीव निधी, इमारत निधी वगैरे. अहवालात याला स्वनिधी म्हणतात. कर्ज बुडालं की तोटा आधी या स्वनिधीतून जातो, तो संपला की मग ठेवीदारांची पाळी. म्हणजे स्वनिधी जितका जाड तितके तुम्ही लांब.

२. सीआरआर, एसएलआर आणि सीआरएआर एकच का?

तिन्ही वेगळे. सीआरआर म्हणजे ठेवींचा ठराविक हिस्सा रोख स्वरूपात आरबीआयकडे ठेवायचा (२०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ४ वरून ३ टक्क्यांवर आणला), एसएलआर म्हणजे १८ टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचे. हे दोन्ही पैसा *कुठे* ठेवलाय याबद्दल आहेत. सीआरएआर, म्हणजे भांडवल पर्याप्तता प्रमाण, हे पैसा *कुणाचा* आहे याबद्दल आहे. त्यामुळे "बँकांना १२ टक्के भांडवल तिजोरीत पाडून ठेवावं लागतं" असं जे पेपरात पण कधीकधी वाचायला मिळतं ते चुकीचं आहे, भांडवलाचा पैसा कर्जात वापरला जातोच, तो अडकून पडत नाही (पुढे प्र. ६ बघा).

३. टक्का कशावर काढतात? एखादं उदाहरण द्या ना.

एकूण मालमत्तेवर नाही, जोखीम धरून मोजलेल्या मालमत्तेवर. समजा एका बँकेकडे एकूण १०० कोटी आहेत. ५ कोटी रोख आणि २५ कोटी सरकारी रोखे, यांची जोखीम सोयीसाठी शून्य धरू. २० कोटी घरकर्ज, ते अर्ध्या जोखमीचं धरलं तर १० कोटी. ५० कोटी व्यापारी कर्ज, ते पूर्ण ५०. झाले ६० कोटी. बँकेचा स्वनिधी ७.२ कोटी असेल तर ७.२ भागिले ६०, म्हणजे सीआरएआर १२ टक्के. छान दिसतं.

आता व्यापारी कर्जातले फक्त ३ कोटी बुडाले आणि राइट ऑफ करावे लागले. स्वनिधी राहिला ४.२, जोखीमभारित मालमत्ता ५७, सीआरएआर ७.४ टक्क्यांच्या खाली. ७० कोटींच्या कर्जातले ३ कोटी गेले आणि बँक आरबीआयच्या ९ टक्क्यांच्या रेषेखाली गेली. हे गणित एकदा स्वतः कागदावर करून बघा, त्यानंतर अहवालातला टक्का वाचायची नजरच बदलते.

अजून एक, यात ७.२ कोटी म्हणजे एकूण १०० कोटींच्या फक्त ७.२ टक्के. म्हणजे "१२ टक्के भांडवल" असलेल्या बँकेत प्रत्येक १०० रुपयांमागे ९२-९३ रुपये दुसऱ्यांचेच असतात.

४. कुठल्या बँकेला किती लागतं? माझी बँक कुठल्या टियरमध्ये येते?

जगभरच्या बँक नियामकांच्या बासेल समितीने १९८८ मध्ये ८ टक्क्यांचा नियम आणला, आपल्याकडे नरसिंहम समितीनंतर १९९२ पासून तो यायला लागला आणि मार्च २००० पासून कमर्शियल बँकांना किमान ९ टक्के झाला. त्यावर २.५ टक्के कॅपिटल कॉन्झर्वेशन बफर (अडचणीच्या काळासाठी जादा भांडवल), म्हणजे प्रत्यक्षात ११.५. स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या तिघी "बुडाल्या तर सगळ्यांना घेऊन बुडतील" अशा गटातल्या म्हणून त्यांना अनुक्रमे ०.८०, ०.४० आणि ०.२० टक्के जास्तीचे. स्मॉल फायनान्स बँकांना १५ टक्के.

नागरी सहकारी बँकांचं विश्वनाथन समितीच्या अहवालानंतर २०२२ मध्ये बदललं. आता ठेवींवरून चार टियर : १०० कोटींपर्यंत टियर १, १,००० कोटींपर्यंत टियर २, १०,००० कोटींपर्यंत टियर ३ आणि त्यावर टियर ४. एकच शाखा असलेल्या बँका आणि पगारदारांच्या बँका ठेवी कितीही असल्या तरी टियर १ मध्येच. टियर १ ला ९ टक्के पुरे. टियर २ ते ४ ला १२ टक्के, पण एकदम नाही : मार्च २०२४ ला १०, मार्च २०२५ ला ११ आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत १२. शिवाय किमान नेटवर्थ, एका जिल्ह्यापुरत्या टियर १ बँकेला २ कोटी, बाकी सगळ्यांना ५ कोटी.

(बँकेचा टियर आणि भांडवलाचा टियर १, टियर २ यांचा एकमेकांशी संबंध नाही. टियर १ भांडवल म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधीसारखं पक्कं भांडवल, टियर २ म्हणजे जरा कच्चं, प्र. १२ बघा.)

५. छोट्या सहकारी बँकेला १२ आणि बलाढ्य कमर्शियल बँकेला ११.५, हा सहकारावर अन्याय नाही का?

हा प्रश्न संचालक मंडळींकडून जास्त येतो आणि त्यांची तळमळ खरी आहे, पण माझ्या मते अन्याय नाही. कारण असं बघा, कमर्शियल बँकेला भांडवल कमी पडलं तर ती बाजारात जाते, स्टेट बँकेने जुलै २०२५ मध्ये क्यूआयपीमधून (मोठ्या गुंतवणूकदार संस्थांना थेट शेअर विकून) एका झटक्यात २५,००० कोटी उभे केले. सहकारी बँकेचा शेअर दर्शनी किमतीलाच मिळतो आणि दर्शनी किमतीलाच परत जातो, कितीही शेअर घेतले तरी मत एकच, गंगाजळीत वाटा नाही, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालच्या बँकेत लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा. मग बाहेरचा कोण कशाला पैसे घालेल? म्हणजे भांडवल वाढायचे खरे मार्ग दोनच, नफा राखून ठेवणं आणि कर्जदारांना शेअर घ्यायला लावणं, आणि दोन्ही हळू. अडचणीच्या वेळी नवीन पैसा येणार नाही हे आधीच माहीत असेल तर चांगल्या दिवसांतच जास्त साठवून ठेवायला नको का?

दुसरं म्हणजे कर्जं एका शहरात, एका बाजारपेठेत, कधीकधी एका समाजात दिलेली असतात. इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा बसला की त्या गावातल्या बँकेचे दहा कर्जदार वेगवेगळ्या कारणांनी नाही, एकाच कारणाने थकतात.

पण संचालकांची एक तक्रार मला पटते. २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांना आरबीआयच्या परवानगीने वेगवेगळे शेअर्स काढायची दारं उघडली, तरी व्यवहारात गुंतवणूकदार मिळत नाहीत. २०२४ मध्ये नागरी बँकांसाठी एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था सुरू झालीय, तिने भांडवलाची मदत खऱ्या अर्थाने उभी केली तरच १२ टक्क्यांचा आग्रह लहान बँकांना न मारता पाळता येईल.

६. भांडवल जास्त ठेवायला लावलं की कर्ज महाग होतं म्हणे, खरं का?

थोडं होतं, पण जेवढी ओरड होते तेवढं नाही. हिशोब करू. १०० रुपयांच्या कर्जामागे बँकेने ९ ऐवजी १२ रुपये स्वतःचे घातले. म्हणजे ३ रुपये ठेवीऐवजी भांडवलातून आले. ठेवीवर ७ टक्के द्यावे लागतात आणि भागधारकाला १२ टक्के हवेत असं धरलं तर ३ रुपयांवर ५ टक्के जास्त, म्हणजे १५ पैसे. कर्जाचा दर साधारण ०.१५ टक्क्याने वाढेल. त्या बदल्यात बँकेची तोटा सोसायची ताकद एक तृतीयांशने वाढली. ठेवीदार म्हणून मी हा सौदा डोळे झाकून घेईन.

कर्ज देण्याचा वेग मात्र कमी होतो हे खरं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरबीआयने पर्सनल लोनसारख्या ग्राहक कर्जांचा जोखीमभार (प्र. ३ मध्ये मालमत्ता जोखीम धरून मोजताना लावलेला टक्का) १०० वरून १२५ टक्के केला (घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण वगळून), हेतूच तो होता की बँकांनी विनातारण कर्जांचा सपाटा आवरावा.

७. मग तुमच्या मते किती असायला हवं?

जगात यावर मोठा वाद आहे. अनात अदमाती आणि मार्टिन हेलविग हे अर्थतज्ज्ञ म्हणतात बँकांनी एकूण मालमत्तेच्या २० ते ३० टक्के स्वतःचं भांडवल ठेवावं. अमेरिकेत मिनियापोलिस फेडने २०१६ मध्ये मोठ्या बँकांसाठी २३.५ टक्क्यांचा आराखडा मांडला होता. बँकवाले म्हणतात यात कर्जपुरवठाच आटेल.

आपल्या नागरी बँकांसाठी मी २० टक्के मागणार नाही, भांडवल उभारायचे मार्ग नसताना तसं मागणं म्हणजे बँका बंद करा म्हणणं. पण दोन गोष्टी हव्यात असं ठाम वाटतं. एक, १२ टक्के ही रेषा सगळ्यांना सारखी न ठेवता ज्या बँकेची कर्जं मोजक्या मोठ्या कर्जदारांत अडकलीत तिला १४-१५ लावा. दुसरं, जोखीमभार बाजूला ठेवून साधं प्रमाण, स्वनिधी भागिले एकूण मालमत्ता, तेही किमान ठरवा. कमर्शियल बँकांना असा लिव्हरेज रेशो आहेच, त्या तीन मोठ्यांना ४ आणि बाकीच्यांना ३.५ टक्के. जोखीमभारात खेळायला जागा असते, साध्या भागाकारात कमी असते आणि सामान्य सभासदालाही तो करता येतो.

८. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचा सीआरएआर तर १२ च्या वर होता, तरी बुडाली. मग या आकड्याचा उपयोग काय?

सगळ्यात कळीचा प्रश्न आणि याचं उत्तर नीट वाचा. मार्च २०१९ च्या ताळेबंदात पीएमसीचं भांडवल प्रमाण १२ टक्क्यांवर दिसत होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आरबीआयने निर्बंध घातले, पहिल्या दिवशी खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, सायन-भांडुपच्या शाखांसमोर म्हातारी माणसं औषधाला पैसे मागत उभी होती ते चित्र मुंबईत कुणी विसरलेलं नाही. मग कळलं की जवळपास ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेलं, आणि पोलिसांतल्या तक्रारीनुसार ते २१,०४९ खोट्या खात्यांमागे दडवलेलं.

भांडवल हा मोजून तिजोरीत ठेवलेला आकडा नाही, ती वजाबाकी आहे : बँकेची येणी वजा देणी. देणी खरीच असतात, ठेवीदार पासबुक घेऊन समोर उभा असतो. येणी मात्र बँक सांगेल तेवढी. थकलेलं कर्ज ९० दिवसांनी एनपीए (म्हणजे थकीत कर्ज) दाखवलं नाही, त्यावर तरतूद केली नाही (म्हणजे होऊ शकणाऱ्या तोट्यासाठी नफ्यातून पैसे बाजूला काढले नाहीत), की भांडवल कागदावर तसंच राहतं. पीएमसीची कर्जं खरी मोजली असती तर सीआरएआर शून्याच्याही खूप खाली आला असता. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तर २०२५ मध्ये तिजोरीतली रोकडच १२२ कोटींनी कमी निघाली, रोख म्हणजे ताळेबंदातली सगळ्यात "शून्य जोखमीची" ओळ.

म्हणून आकडा निरुपयोगी नाही, पण तो एनपीएच्या खरेपणाइतकाच खरा आहे. कमी सीआरएआर ही नक्की धोक्याची खूण, जास्त सीआरएआर ही सुरक्षिततेची खात्री नाही.

९. वार्षिक अहवालात हे कुठे आणि कसं बघायचं?

पहिल्या पानांवरच्या "ठळक बाबी" किंवा "तुलनात्मक आर्थिक स्थिती" तक्त्यात सीआरएआर किंवा भांडवल पर्याप्तता प्रमाण असतंच. एका वर्षाचा नको, चार-पाच वर्षांचा बघा, सरळ खाली येतोय का. मग मागच्या बारीक अक्षरातल्या टिपांमध्ये जा, तिथे आरबीआयने सांगितलेली माहिती द्यावी लागते : ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए (ढोबळमधून तरतूद वजा जाता उरतो तो), तरतूद, सगळ्यात मोठ्या २० कर्जदारांकडे किती कर्ज. निव्वळ एनपीए ० टक्के आहे म्हणून अध्यक्षांच्या मनोगतात अभिमानाने लिहिलेलं असतं, ते चांगलंच, पण ढोबळ एनपीए ८-१० टक्के असेल तर तो शून्य तरतुदीने आणलाय, म्हणजे तेवढा नफा खर्ची पडलाय. लेखापरीक्षकाच्या अहवालात "अमुक तरतूद कमी केली आहे" असं वाक्य असेल तर ती रक्कम स्वनिधीतून स्वतः वजा करून बघा.

आणि वार्षिक सभेत विचारा. सभेत लाभांश एक टक्का वाढवा म्हणून दहा हात वर होतात, सीआरएआर का घसरला म्हणून एकही होत नाही. लाभांश ज्या नफ्यातून जातो त्याच नफ्यातून भांडवल वाढतं, हे दोन्ही एकत्रच विचारायला हवं.

१०. सीआरएआर घसरला तर आरबीआय लगेच बँक बंद करते का?

नाही. टियर २ ते ४ च्या बँकांना १ एप्रिल २०२५ पासून पीसीए म्हणजे तत्काळ सुधारणा कृतीची चौकट लागू आहे. भांडवल कमी, निव्वळ एनपीए ६ टक्क्यांपासून वर किंवा सलग दोन वर्षं तोटा, यापैकी काही झालं की पायरीपायरीने बंधनं येतात : लाभांश बंद, नवीन शाखा बंद, भांडवल आणा, मोठं कर्ज देऊ नका. या टप्प्यात तुमची ठेव नेहमीसारखी काढता येते, पीसीए ऐकून धावत सुटू नका.

बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ अ खालचे निर्बंध ही वेगळी आणि गंभीर गोष्ट, तिथे पैसे काढण्यावरच मर्यादा येते. त्यापुढे परवाना रद्द आणि अवसायक (बँक गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी). पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध फेब्रुवारी २०१३ मध्ये आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये, नऊ वर्षं लोक लटकले. गोव्यात म्हापसा अर्बन २०२० ला, मडगाव अर्बन २०२१ ला गेली.

११. माझे शेअर्सचे पैसे परत मागितले तर बँक "सीआरएआरमुळे देता येत नाही" म्हणते. बरोबर आहे का?

असू शकतं. आरबीआयच्या मार्च २०२२ च्या नियमानुसार सभासदाला किंवा मयत सभासदाच्या वारसाला भागभांडवल परत द्यायला परवानगी आहे, पण ताज्या लेखापरीक्षित ताळेबंदात आणि आरबीआयच्या शेवटच्या तपासणीत, दोन्हीकडे, सीआरएआर किमान ९ टक्के हवा आणि परतफेडीनंतरही तो त्याखाली जाता कामा नये. लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा, उत्तरातच बँकेची तब्येत कळते.

कर्ज घेताना शेअर कापून घेतात त्याचंही कारण हेच. जुना नियम विनातारण कर्जावर ५ टक्के, तारण कर्जावर २.५ टक्के, म्हणजे १० लाखांच्या तारण कर्जाला २५,००० चे शेअर. आता किमान भांडवल पाळणाऱ्या बँकांना हे ऐच्छिक केलंय, त्यामुळे तुमच्या बँकेचं धोरण काय ते विचारून घ्या.

१२. बँकेने एफडीपेक्षा जास्त व्याजाची "लाँग टर्म सबॉर्डिनेटेड डिपॉझिट" सुचवलीय. घेऊ का?

आई-वडिलांच्या नावावर तर अजिबात नको असं माझं स्पष्ट मत. नाव डिपॉझिट असलं तरी हे टियर २ भांडवल आहे. किमान पाच वर्षं मुदत, मध्येच मोडता येत नाही, बँक बुडाली तर सगळे साधे ठेवीदार झाल्यावर तुमचा नंबर, आणि विमा नाही. हा फरक फॉर्मवर ठळक अक्षरात छापावाच लागतो, सही करण्याआधी तो शोधा. बँकेचा ताळेबंद स्वतः वाचता येणाऱ्याने, गेले तरी चालतील एवढेच पैसे घालावेत.

१३. आमच्या बँकेने मुख्य कार्यालयाच्या इमारतीचं मूल्यांकन वाढवलं आणि सीआरएआर एकदम वर गेला. हे चालतं?

नियमात चालतं. २०२२ पासून पुनर्मूल्यांकन निधी ५५ टक्के कापून टियर १ भांडवलात धरता येतो, म्हणजे १० कोटी वाढ दाखवली तर ४.५ कोटी. पण त्या बँकेत एक रुपयाही नवीन आलेला नाही, आणि अडचणीच्या दिवशी मुख्य कार्यालय विकून तोटा भरत नाहीत. तुलना करताना ही रक्कम वगळून बघा.

१४. येस बँकेत लोकांचे बाँड शून्य झाले ते काय होतं?

ते एटी १ बाँड, म्हणजे कमर्शियल बँकांचं अतिरिक्त टियर १ भांडवल. मार्च २०२० मध्ये येस बँक वाचवताना सुमारे ८,४०० कोटींचे असे बाँड शून्य केले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाँड शून्य करण्याचा तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विसमध्येही मार्च २०२३ ला सुमारे १६ अब्ज फ्रँकचे असेच गेले, आणि त्या बँकेचं भांडवल प्रमाण तोपर्यंत नियमापेक्षा जास्तच होतं (प्र. ८ मधलीच गोष्ट, फक्त तिथे ठेवीदारांचा विश्वास आधी संपला). ठेव मात्र दोन्हीकडे सुरक्षित राहिली.

१५. ५ लाखांचा विमा आहे ना, मग मला भांडवलाशी काय करायचं?

डीआयसीजीसीचा (आरबीआयच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या एकाच नावाच्या सगळ्या शाखांतल्या खात्यांचे मिळून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत मिळणं अपेक्षित आहे. तेवढ्यात बसत असाल तर काळजी कमी. पण निवृत्तीची रक्कम, घर विकून आलेले पैसे, सोसायटीचा सिंकिंग फंड हे ५ लाखांत बसत नाहीत. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली तेव्हा ५ लाखांवरच्या वैयक्तिक ठेवी दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं, आणि संस्थांच्या विम्यावरच्या ठेवींपैकी ८० टक्के प्रेफरन्स शेअर्समध्ये बदलल्या. सोसायटीचे सेक्रेटरी-खजिनदार असाल तर हे वाक्य पुढच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

१६. पतसंस्थेलाही हाच नियम का?

नाही. पतसंस्था आरबीआयच्या कक्षेत येत नाही, तिथे सहकार खात्याचे नियम. डीआयसीजीसीचा विमाही नाही. दारावरच्या पाटीत "बँक" हा शब्द आहे का आणि आत आरबीआयचा परवाना लावलाय का ते आधी बघा, एजंट रोज दुकानात येऊन पिग्मी गोळा करतो म्हणजे ती बँक असते असं नाही.